फाटकाशी उभा राहिलेला शिंपी

खडेबाजारातला तो ख्रिस्ती शिंपी एकटाच राहायचा. "येसूचे दोन शब्द सांगा की," असं मी चेष्टेनं म्हटलं, की नुसता हसून सुई ओवायचा.

माझा थोरला भाऊ हिंडलग्याच्या तुरुंगातून कधी सुटणार, हे मीच त्याला सांगितलं होतं. पण त्या दिवशी लोकलाजेपायी आमच्या घरातून कुणीच गेलं नाही. मीही नाही. संध्याकाळी भाऊ नव्या सदऱ्यात दारात उभा.

"कुणी दिला, अण्णा?"

"एक शिंपी आलता फाटकाशी. म्हणाला, मला घरचाच समजा."

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. "तुम्ही कशाला गेलता?"

"कुणीतरी जायला पायजे की न्हाय?" मशीन थांबवून त्यानं विचारलं, "अण्णा पोटभर जेवले न्हवं?"

आम्ही अण्णाला ताट बाहेर पडवीत दिलं होतं.