तिच्या हातच्या अळ्या

कपाचं झाकण उघडण्याआधी ती त्यावर नखानं दोनदा टिकटिक करायची आणि विचारायची, "उठली काय वं बाई?" आत असायची बोंडअळी. तुम्ही हसला असता. मीही हसले. मग बघता बघता माझं हसू आटलं, कारण तिच्या बाया रोज उठायच्या आणि माझ्या मरून पडायच्या.

आम्ही दोघी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, वर्ध्याच्या कॉलेजात. मी सेलूच्या किराणा दुकानदाराची मुलगी, ती रोहण्याच्या शेतकऱ्याची. मॅडमनी आम्हाला आपल्या संशोधनाच्या कामात घेतलं आणि एकेक ट्रे हातात दिला. प्रत्येक कपात एकच अळी, कारण दोन एकत्र ठेवल्या की एकमेकींना खातात. मॅडम म्हणाल्या, "उन्हाळ्यात तुमच्यापैकी एकीला बंगलोरच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवीन. काम बघून." झालं! त्या दिवसापासून माझं लक्ष माझ्या ट्रेपेक्षा तिच्याच ट्रेवर जास्त.

मी हातमोजे घालायची, कप घासूनपुसून लख्ख करायची, पुस्तक पाठ करायची. ती स्टुलावर मांडी घालून अळ्यांशी गप्पा मारायची. तरी मॅडम थांबायच्या तिच्याच टेबलाशी. "वा! काय गुबगुबीत झाल्यात!" माझ्याकडे आल्या की नुसतं "हं." त्या 'हं'नं माझा जीव जळायचा, खरंच सांगते.

अळ्यांना आम्ही भेंडी खायला द्यायचो. माझी बाजारातली असायची. एकदा तिनं ती उचलून नाकाला लावली.

"फवारा मारेल हाय हे. काऊन आणतं वं अशी? जगतीन कशा मंग? मी तुले घरची आणून देतो."

दुसऱ्या दिवसापासून तिच्या पिशवीत माझ्या वाट्याची भेंडीही यायला लागली. माझ्या अळ्या जगल्या, चांगल्या फुगल्या. मॅडम पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसल्या. "तिच्यासोबत राहून तूही शिकलीस हो!" म्हणजे माझ्या ट्रेचं कौतुकही तिच्याच पदरात! आता तुम्हीच सांगा, अशा मुलीवर धड चिडता तरी येतं का? कडाकडा भांडली असती तर परवडली असती.

बंगलोरला नाव तिचंच लागलं. मी कोरडं अभिनंदन केलं. तिनं माझा हात घट्ट धरला.

"मले भेव लागून राह्यलं वं. तू संग असती त बरं झालं असतं. माह्या अळ्या पाहजो. बोलत जाजो त्यायच्याशी."

मी कशाला बोलते! मुकाट्यानं भेंडी चिरायची, कपात टाकायची. भेंडी मात्र येतच राहिली. लेक सांगून गेली म्हणून तिची आई अजून रोहण्याच्या एसटीत कंडक्टरजवळ पिशवी देते.

परवा तिच्या ट्रेमधली एक अळी हलेना. मी झाकणावर नखानं टिकटिक केली आणि तोंडातून निघूनच गेलं, "उठली काय वं बाई?"

अळीनं मान उचलली. तेवढ्यात ते ऐकून शेजारच्या खोलीतून मॅडमनी सवयीनं हाक मारली, अगदी लाडानं, तिच्या नावानं.

मॅडमनी अशी हाक मला मारावी, एवढंच तर वर्षभर हवं होतं. माझं नाव सांगायला मी तोंड उघडलं आणि समोरचं तिचं रिकामं स्टूल दिसलं.

"आली, मॅडम," मी म्हणाले.