दोनशेची गाडी आणि भैरोबाचा डोंगर

नव्या गाडीच्या मागच्या ॲक्सलचा रेशो मी चुकीचा निवडला. घाईगडबडीत नाही, चांगला दीड महिना विचार करून. तीन पर्यायांचे तीन रंगांत ग्राफ काढले होते. चुकीचा हिरव्या रंगात होता.

गाडी होती दोन सीटची स्पोर्ट्स कार, आणि तीही सांगलीत बनलेली. आमच्या आप्पासाहेबांचा ट्रॅक्टरचे गिअर बनवायचा कारखाना. साठी उलटल्यावर त्यांच्या मनानं घेतलं, की आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांसाठी दात कापले, आता एक गाडी आपल्या नावाची काढू. इंजिन आणि गिअरबॉक्स मोठ्या कंपनीकडून विकत, बॉडी फायबरची, मागचा ॲक्सल मात्र घरचा. मी पुण्यात तीस वर्षं ॲक्सलच करून रिटायर झालो होतो. त्यांनी बोलावलं, मी गेलो. शेडच्या एका कोपऱ्यात सहा माणसांचं ‘कार सेक्शन’ सुरू झालं आणि दारावर माझ्या नावाची पाटी लागली. पाटी लागली की माणूस जरा बिघडतोच.

रेशो म्हणजे काय ते आधी सांगतो. इंजिन मिनिटाला हजारो फेरे मारतं. चाक तेवढं फिरवून भागत नाही, आणि इंजिनाचा जोर थेट चाकाला पुरतही नाही. म्हणून गिअरबॉक्स फेरे कमी करून जोर वाढवतो आणि तेच काम शेवटचं एकदा मागच्या ॲक्सलमध्ये होतं. तिथं दोन गिअर असतात. लहान तो पिनियन, मोठा तो क्राउन. क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात, हा झाला रेशो. आकडा लहान असेल तर गाडी लांब पळते, पण चढाला दम टाकते. मोठा असेल तर चढाला शेळीसारखी चढते, पण हायवेला इंजिन ओरडत राहतं. गिअरची सायकल घेऊन जो घाट चढलाय त्याच्या मांड्यांना हे माहीत आहे. फरक एवढाच, की सायकलचा गिअर बोटानं बदलतो. क्राउन-पिनियन एकदा बसला की गाडी संपेपर्यंत तोच.

आम्ही तीन रेशोंचा एकेक सेट कापून घेतला. सदतीसला अकरा, म्हणजे ३.३६. एक्केचाळीसला अकरा, ३.७३. आणि एक्केचाळीसला दहा, ४.१०.

आप्पासाहेबांनी मला एवढंच विचारलं होतं, “जाधव, पळंल ना हो चांगली?”

यावर “हो” म्हणून गप्प बसता आलं असतं. मी म्हणालो, “दोनशे.”

“दोनशे?”

“३.३६ लावला की कागदावर दोनशे दोन येते.”

संध्याकाळपर्यंत निम्म्या सांगलीला दोनशे माहीत झालं होतं. मग मला ३.३६ च निवडणं भाग होतं. त्यानंतरचे सगळे ग्राफ मी त्याला साक्षीदार म्हणून उभे केले.

आमच्याकडे मिरजेचे इब्राहिमभाई फिटर आहेत. चाळीस वर्षं ट्रकची हौसिंग, म्हणजे ॲक्सलचं कवच, उघडून आत काय मोडलंय ते वासावरून सांगणारा माणूस. ॲक्सलची जुळणी त्यांच्या हातात. एकदा पिनियन पुसता पुसता त्यांनी विचारलं, “साहेब, ही गाडी पयल्या दिवशी कुठं जानार?”

“कुठं म्हणजे? हायवेला.”

“हायवेला न्हाई. देवाला.”

“बरं, देवाला.”

“आन् आपल्याकडचं देव कुठं असत्यात?”

मी हसलो. “इब्राहिमभाई, ग्राफमध्ये देवाचा कॉलम नसतो.”

“मग एक वाढवा की.”

मी कॉलम वाढवला नाही. उरलेले दोन सेट भंगारात टाकायला सांगितले आणि जेवायला गेलो.

टेस्ट आम्ही रीतसर केल्या. कारखान्यात काँक्रीटचा रॅम्प आहे. पाच मीटर पुढं गेलं की एक मीटर वर, असा चढ. मधे गाडी थांबवायची आणि पुन्हा उचलायची. आमचा टेस्ट ड्रायव्हर पंचावन्न किलोचा. त्यानं ॲक्सिलरेटर दिला, क्लच सोडला, गाडी झपकन वर. पास. रॅम्पची लांबी बारा मीटर, हे मला तेव्हा महत्त्वाचं वाटलं नाही. मग भाड्याच्या ट्रॅकवर गाडी पळवली. एकशे अठ्ठ्याण्णव झाली. मी दोनशे धरून सगळ्यांना कंदी पेढे वाटले.

पहिली गाडी बुक केली ती मेढ्याच्या पुढच्या एका गावातल्या संपतरावांनी. त्यांची स्ट्रॉबेरीच्या रोपांची मोठी नर्सरी. गाडी निघायच्या आदल्या दिवशी आप्पासाहेबांनी मला केबिनमध्ये घेतलं.

“जाधव, घरात मुलगा, सून, दोघंही म्हणतात हा नाद सोडा. मी त्यांना शब्द दिलाय. पहिली गाडी परत आली तर सेक्शन बंद, शेडमध्ये पुन्हा ट्रॅक्टरचे गिअर. चांगली गेली तर पुढच्या एकोणीस गाड्यांचे सेट कापायला घ्यायचे.”

“परत कशाला येतीय?” मी म्हणालो.

संपतरावांच्या दारात मांडव घातला होता. मला पाहुणा म्हणून फेटा बांधला. बांधणारा उत्साही होता, कपाळाची शीर उडायला लागली. मग संपतराव म्हणाले, “चला, आता भैरोबाला.”

आता मी ज्या तालुक्यात जन्मलो तो हाच. नवं वाहन आधी डोंगरावर देवाला जातं. पुढं हलगी, मागं भावकी, त्यांच्या मागं वाहन. वाहनानं माणसांच्या पुढं जायचं नाही. आमच्या घरचा पहिला ट्रॅक्टर आला तेव्हा मी स्वतः त्याच्या पुढं गुलाल उधळत चाललो होतो. म्हणजे मला हे कुणी सांगायची गरज नव्हती. तरी ते माझ्या डोक्यात आलं कधी? हलगी वाजायला लागली तेव्हा.

सिमेंटचा रस्ता, दीड किलोमीटर, सगळा चढ. स्टिअरिंगवर संपतराव, शेजारच्या सीटवर त्यांची आई, आक्का, नारळ मांडीवर घेऊन. गाडी इतकी बुटकी की आक्का पाटावर बसल्यासारख्या दिसत होत्या. डिकीत नैवेद्याची पातेली. माझ्या हिशेबात माणूस अडुसष्ट किलोचा होता. संपतराव एकटेच दीड हिशेब होते.

अडचण अशी. ३.३६ च्या रेशोनं, पहिल्या गिअरमध्ये, क्लच पूर्ण सोडला तर आमची गाडी ताशी आठ किलोमीटरपेक्षा हळू चालूच शकत नाही. इंजिन बंद पडतं. हलगीवाले चढाला चालतात तीन-साडेतीननं. मग ड्रायव्हर काय करणार? क्लच अर्धा दाबून ठेवणार. म्हणजे इंजिनाच्या बाजूची प्लेट आणि चाकाच्या बाजूची प्लेट एकमेकींवर घासत ठेवायच्या. मिनिटभर चालतं. दीड किलोमीटर नाही.

पहिल्या वळणावर वास आला. मी तो वास झोपेतही ओळखीन. माझ्या शेजारून चालणारा एकजण म्हणाला, “धूप लय उग्र लावलाय रं.”

मी मान डोलावली.

दुसऱ्या वळणावर इंजिन गरजलं आणि गाडी जागची हलली नाही. मग हलली, पण मागं. “दगड लावा रं, दगड!” एकच गलका झाला. आतून आक्कांचा आवाज आला, “संपत, मागं का चाललाईस? देव वर हाय.”

दगड लावले. ढकलायचं ठरलं. वीसेक माणसं भिडली आणि मी ओरडलो, “बॉडीला हात लावू नका, फायबर आहे! चाकापाशी धरा!”

“मग काय नमस्कार करून चढवू?” कुणीतरी म्हणालं.

शेवटी गाडी भैरोबाच्या दारात पोचली ती माणसांच्या जोरावर. त्यात एक मीही होतो, फेट्यासकट. नारळ फुटला. संपतराव घाम पुसत माझ्यापुढं उभे राहिले. “साहेब, हितं माझा ट्रॅक्टर आला, पिकअप आली, मेव्हण्याची जुनी स्कूटर आली. आन् ही दोनशेची म्हनं. गाडी घेऊन जावा तुमची. मला नगं.”

मी ‘क्लच’, ‘रेशो’, ‘लोड’ असे काही शब्द बोललो. त्यांनी एकही ऐकला नाही. बरोबरच होतं. मला समोर आप्पासाहेबांची केबिन दिसत होती आणि सहा रिकाम्या खुर्च्या.

मग आक्का बोलल्या. “संपत, देवाच्या दारातनं गाडी माघारी धाडत न्हाईत. पंधरा दीस दे ह्यास्नी. पर हितनंच चढली पायजे, हलगीच्या मागनं. न्हाई चढली तर मग काय ते कर.”

सांगलीला ट्रकवर गाडी घालून आणली. आप्पासाहेब गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, “दोनशे कोण म्हणालं होतं?”

“मी.”

“मी विचारलं होतं का?”

“नाही.”

“मग?”

घरी मात्र त्यांनी ‘परत नाही, दुरुस्तीला आलीय’ असं सांगितलं. ४.१० चा सेट लावायचा हे मला कळत होतं, पण तो मी भंगारात टाकला होता. नवा कापून, कडक करून, जोडी घासून जमवायची म्हणजे पंधरा दिवस त्यातच जाणार. हे सांगायला मी इब्राहिमभाईंकडे गेलो. ते वाकले आणि बेंचखालून एक पोतं ओढलं. आत तेल लावून, कागदात गुंडाळून एक्केचाळीस-दहाची जोडी.

“भंगारात टाका म्हणालो होतो ना?”

“टाकनारच हुतो. पयली गाडी देवाला जाऊन आल्याव.”

नवी क्लच प्लेट टाकली, क्राउन-पिनियन बदलला. दातांना निळा रंग लावून फिरवायचं, रंग कुठं पुसला जातो ते बघायचं आणि त्यावरून पिनियन पुढं-मागं करायचा, असं ते काम. इब्राहिमभाईंनी तीनदा उघडून चौथ्यांदा बंद केलं. मी लांब उभा राहिलो. मला तसंच सांगितलं होतं.

तेराव्या दिवशी पुन्हा हलगी. या वेळी मला फेटा कुणी बांधला नाही. नवा रेशोही काही जादू नव्हता. गाडीचा सगळ्यांत कमी वेग आठवरून साडेसहावर आला, हलगी त्याच्याही खालीच. पण चाकाला पाचव्या हिश्श्याहून जास्त जोर वाढला होता. त्यामुळं संपतरावांना क्लच घासत बसावं लागत नव्हतं. दहा पावलं जायचं, थांबायचं, पुन्हा उचलायची. दर वेळी गाडी न कुरकुरता उचलत होती. मी हलगीवाल्यांना हळूच म्हणालो, “जरा पाय उचला.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि उपकार केल्यासारखे उचलले.

इब्राहिमभाई गाडीच्या मागून, दोन्ही हातांत एक मोठा दगड घेऊन चालत होते.

“अहो, कशाला?” मी म्हणालो. “रेशोवर विश्वास नाही का?”

“रेशोव हाय,” ते म्हणाले आणि दगड काही खाली ठेवला नाही.

गाडी स्वतःच्या जोरावर भैरोबाला पोचली. वास फक्त उदबत्तीचा होता. परतताना संपतरावांनी गाडी स्वतःच्या दारात नेऊन लावली. मी तिथूनच आप्पासाहेबांना फोन केला.

“चढली.”

“आणि दोनशेचं काय?”

“आता एकशे पासष्ट.”

पलीकडं त्यांनी तो आकडा एकदा म्हणून बघितला. मग, “एकोणीस सेट ४.१० चेच कापा. आकडे मी सांगीन लोकांना. तुम्ही कुणाला काही सांगू नका.”

इथं गोष्ट संपायला हवी होती. आठ दिवसांनी संपतरावांचा फोन आला.

“साहेब, काटा ऐंशीवर हुता आन् मेढ्याची यष्टी मला मागं टाकून गेली. कंडक्टरनं वर हात केला. आक्का म्हनती, गाडी आजारी हाय.”

मी डोकं धरून बसलो. आमच्या गाडीत वेगाचा काटा चाकावरून नाही, गिअरबॉक्सच्या बाहेर पडणाऱ्या शाफ्टवरून चालतो. शाफ्ट इतके फेरे फिरला म्हणजे चाक इतकं फिरलं, हा हिशेब काट्याच्या कॉम्प्युटरमध्ये मीच भरला होता, ३.३६ धरून. क्राउन-पिनियन बदलला, हिशेब बदलायचा राहिला. काटा ऐंशी दाखवत होता तेव्हा गाडी पासष्टवर होती. यष्टी सत्तरवर असणार.

लॅपटॉप घेऊन गेलो. वायर जोडली, आकडा बदलला. दहा मिनिटांचं काम. आता आमच्या टेस्टच्या कागदावर दोन ओळी वाढल्या आहेत. एक, रेशो बदलला तर काटा बदला. दुसरी, पहिल्या गिअरमध्ये दीड किलोमीटर चढ, माणसांच्या मागून, दोन वजनदार माणसं आणि पातेली घालून. हिला कारखान्यात हलगी टेस्ट म्हणतात. इंजिनिअरनं आकडा ठरवायच्या आधी गाडी पहिल्या दिवशी कुठं जाणार ते विचारावं, आणि कुणी आपणहून सांगत असेल तर जेवायला जाऊ नये, एवढंच मी यातून शिकलो.

चहा झाला. संपतरावांचा राग पूर्ण गेला होता. “आरं, साहेबांना फेटा बांधा रं,” ते घरात बघून ओरडले.

आक्का दारात बसून घेवडा मोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “नगं. मागल्या बारीला लय घट्ट बांधला हुता. डोस्क्याला जरा वारा लागू द्या त्येंच्या.”