खोलीची किल्ली आणि युरोपचा कोळसा

युद्धात शहर बेचिराख झालं आणि तुम्ही तिथे परतलात, तर पहिली खोली कशासाठी बांधाल? सामान ठेवायला, की माणसं बसायला?

हा प्रश्न मी गेल्या हिवाळ्यात एका पत्रकाच्या माथ्यावर छापणार होते. मानक नगरच्या आमच्या कॉलनीत विहाराला लागून वाचनाची एक खोली आहे. संध्याकाळी तिथे मुली अभ्यासाला बसतात. माझी धाकटी बहीण तेव्हा बारावीत होती. घरात टीव्ही, कुकर आणि पाहुणे यांच्यामध्ये तिला दुसरी जागाच नव्हती. आणि विहाराच्या समितीने ठरवलं की त्या खोलीत कार्यक्रमाच्या खुर्च्या, सतरंज्या ठेवायच्या आणि कुलूप घालायचं.

मी पत्रकांवर वाढले. बाबा रेल्वेच्या नोकरीसाठी नागपूरहून इथे हिंदी मुलखात आले, तेव्हा त्यांच्या ट्रंकेत कपडे कमी आणि पत्रकं जास्त होती. घरात रीतही त्यांचीच: पत्रक छापण्याआधी ते सर्वांत मोठ्या विरोधकाकडून मोठ्याने वाचून घ्यायचं. जिथे तो हसेल ते वाक्य कच्चं, जिथे त्याचा आवाज खाली येईल ते पक्कं.

विरोधक म्हणजे समितीचे सचिव. अमौसीला विमानतळावर नोकरी, बाबांच्याच गावचे, म्हणून आमचे काका. रविवारी वंदना झाली आणि मी कागद त्यांच्या हातात दिला.

"युरोप?" काका म्हणाले. "एका खोलीसाठी थेट युरोप? काऊन गं पोरी, शहराबाहेर बख्शी का तालाबपर्यंत गेली असती तर भागलं नसतं?"

सगळे हसले, मीही हसले. "वाचा तर काका."

ते वाचू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर साखर रेशनवर मिळत होती तेव्हाच ब्रिटनने दवाखाना सर्वांसाठी मोफत केला. पडक्या शहरांत छपरं गळत असताना शाळा भरल्या, नाटकं झाली. वॉर्साच्या लोकांनी जुनी चित्रं समोर ठेवून शहराचा जुना भाग पुन्हा उभा केला. इथे काका थांबले.

"अन् युरोपातलेच देश त्याच काळात इंडोनेशियात, अल्जेरियात गोळ्या घालत होते, ते कुठंय? वसाहतींतून माणसं बोलावली बस चालवायला. त्यांनी भाड्याने खोली मागितली की दार बंद. हे कोण लिहिणार?"

"मी." तिथेच पेन काढलं आणि लिहिलं: ज्यांनी घर बांधायला हात लावला त्यांनाच दाराबाहेर ठेवलं. तो दरवाजा आपण पिढ्यानपिढ्या ओळखतो. निदान आपण तरी तो कोणावर लावू नये.

काकांनी ते वाचलं, पण हसले नाहीत. पुढे होतं: एकमेकांची शहरं जाळणाऱ्या देशांनी आपला कोळसा आणि पोलाद सामायिक देखरेखीखाली आणलं, कारण तोफा त्यातूनच बनत. 'सामायिक'वर त्यांचा आवाज खाली आला.

बहिणीने संधी सोडली नाही. "तो काका, चाबी भी साझी कर लीजिए ना. कुर्सियाँ दीवार से लगा देंगे, हम बीच में बैठेंगे."

"अन् खुर्ची तुटली तर?"

"तो मीटिंग बुलाइए. हमें भी बुलाइए."

मागून एक काकू म्हणाल्या, "घ्या सचिवसाहेब, आता तह करा!"

काकांनी कागदाची घडी घातली, बाबांकडे पाहिलं. "तुझ्याच पोरी," एवढंच म्हणाले. मग जुडग्यातून किल्ली काढून बहिणीच्या हातावर ठेवली. "दुसरी बनवून घे. ही मला परत पाहिजे."

पत्रक छापायची गरज उरली नाही. बहीण त्याच खोलीत अभ्यास करून बारावी झाली. आता तिथे तिच्याहून लहान मुली बसतात, भिंतीला लावलेल्या खुर्च्यांच्या चळतींमध्ये.

तुमच्या वस्तीतही सामानाने भरलेली, कुलपातली अशी एखादी खोली असेल. या रविवारी जा आणि तिची एक किल्ली मुलींसाठी मागून घ्या.