जाळीचा अंतरपाट

वडील लोणावळ्याला रेल्वेत कामाला होते. तिथल्या साहेबाच्या व्हरांड्याला डासांसाठी लावलेली जाळी त्यांनी पाहिली आणि बेडशातल्या आमच्या पडवीलाही तशीच हवी, असा हट्ट धरला. मग वडील, आई, आत्या आणि मी कामशेतच्या बाजाराला निघालो. कापड आणायला एवढी माणसं कशाला, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

दुकानदाराने जाळीचं एक टोक आत्याच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं. वीण बघायला वडील अलीकडून वाकले आणि आई पलीकडून. आत्या किंचाळलीच, "अगं बया, ह्यो तर अंतरपाट!" दुकानदारही वस्ताद. त्याने भसाड्या आवाजात मंगलाष्टक सुरू केलं. शेजारचा तांदळाचा व्यापारी धावत आला आणि त्याने मूठभर तांदूळ उधळले. पदर तोंडात कोंबूनही आईला हसू आवरेना. मी तर पोत्यावर लोळत होते.

वडिलांचं लक्ष मात्र तांदळाकडे. एकही दाणा जाळीतून आरपार गेला नव्हता. "हीच फाडा," ते म्हणाले. "आंबेमोहराचा बारका दाणा अडतोय, तितं डासाची काय टाप!"

जाळी लागली. दिवेलागणीला वडील ऐटीत पडवीत बसले. पहिला डास जाळीतून अंग चोरून आला, तो थेट त्यांच्या नाकावर. त्याच्यामागून बाकीचे.

आई दारातून म्हणाली, "अक्षता तुमीच टाकून घेतल्या न्हवं? आता वऱ्हाड आलंय, तर जेवू घाला की!"