दोन तुटक रेषांमधली केबिन

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांइतका सरळ माणूस आमच्या मुलखात झाला नाही, आणि त्यांच्याइतक्या वाकड्या वाटेने जाणाराही दुसरा कुणी झाला नाही. हट्ट्याहून जवळा बाजारला डांबरी सडक जाते, एस.टी. वाटेत चार ठिकाणी थांबूनही तासाच्या आत पोचते. दाजींना तेवढ्याच प्रवासाला अख्खी सकाळ लागे, आणि पोचल्यावर त्यांच्या विजारीला कुसळे, कोपरांना ओरखडे आणि चेहऱ्यावर देवदर्शन घडल्याचे समाधान असे. “डांबरावरून कुणीबी जातं,” ते म्हणत, “त्यात मानसाची काय अक्कल?”

दाजी मोजणीदार होते. आयुष्यभर लोखंडी साखळी ओढत त्यांनी लोकांची शेते मोजली, भावाभावांची भांडणे इंचांत तोडली, आणि निवृत्तीच्या दिवशी सरकारी साखळी जमा करून दुसऱ्या दिवशी तशीच एक स्वतःसाठी पैदा केली. मोजल्यावाचून जग त्यांना खरे वाटत नसे. त्यांचे पाऊल बरोबर अडीच फुटांचे होते आणि ते ओल्या फरशीवरही अडीच फुटांचेच पडे. त्यामुळे दर पावसाळ्यात ते एकदा तरी घसरत. भाकरीची चतकोर मोडताना ताईचा हात जरा सैल सुटला, तर ताट किंचित फिरवून म्हणत, “पूर्वेकडचा हिस्सा जादा गेला.” माझे लग्न ठरत होते तेव्हा मुलाकडची माहिती काढायला वडिलांनी मोठ्या विश्वासाने दाजींना वसमतला पाठवले. संध्याकाळी ते परतले, तो आई पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभी. दाजी म्हणाले, “घर दक्षिणोत्तर हाय. पश्चिमेची भिंत शेजाऱ्यात सहा इंच घुसलेली हाय, तेवढं आदी मिटवून घ्या म्हनावं.” “आणि मुलगा?” आईने विचारले. दाजींनी टोपी काढली, कपाळ पुसले आणि कमालीच्या प्रामाणिकपणाने सांगितले, “त्याला बघायचं राह्यलं.” त्या न पाहिलेल्या मुलाशी मी सुखाने संसार केला, भिंत मात्र अजून मिटलेली नाही.

त्यांच्या वाकड्या वाटांचे मूळ गावनकाशांत होते. नकाशावर बैलगाडीची वाट दोन तुटक रेषांनी दाखवतात. त्या तुटक रेषांवर दाजींची जी श्रद्धा होती, ती भल्या भल्या वारसांची वडिलांच्या शब्दावर नसते. प्रत्यक्षात त्या वाटेवर कुठे तूर उभी असे, कुठे बाभळी माजलेल्या, कुठे कुणी गोठाच घातलेला. पण नकाशात वाट असली की दाजींच्या लेखी ती होतीच. “चाक फिरलं न्हाई की रस्ता मरतो,” असे त्यांचे म्हणणे. लोक गुरांना चरायला नेतात, तसे ते दर शनिवारी-रविवारी निरनिराळ्या पांदणींना चाक दाखवायला निघत. पाठीवर नकाशांचे लांब पत्र्याचे नळकांडे, मागच्या कॅरिअरला साखळीची पिशवी, आणि त्या दोहोंच्या मधे, दोन्हींचा धक्का सोसत, आमची ताई.

वाहनही त्यांना साजेसे होते. ती डिझेलवर चालणारी काळी, अवजड मोटारसायकल होती, आणि तिचा आवाज विहिरीवरच्या इंजिनासारखा, संथ, खोल, पोटातून उमटणारा होता. ती शिवारात शिरली की शेतकरी हातातले काम टाकून आपापल्या विहिरीकडे धावत. आपले इंजिन कुणी चालू केले, अशी त्यांना शंका येई. माझे यजमान तिला “फिरती गिरणी” म्हणत. दाजी त्यावर रागावत नसत. “गिरणी तर गिरणी. पीठ तरी बराबर पाडती ना?”

एवढ्या काटेकोर माणसाने आयुष्यात एकच गोष्ट न मोजता घेतली, आणि ती म्हणजे केबिनची जागा. वसमतला त्यांचा एक बालमित्र होता, ट्रकांच्या लाकडी बॉड्या बांधणारा सुतार. ताई त्याला भाईजान म्हणे. औंढ्याच्या पुढे डोंगराच्या उतरणीला भाईजानांच्या वाडवडिलांचा खडकाळ माळ होता. तिथून सिद्धेश्वर धरणाचे पाणी दिसे. दुपारी ते काशाच्या पत्र्यासारखे चकाके आणि संध्याकाळी जांभळ्या रंगाने विझत जाई. त्यातला एक तुकडा दाजींनी घेतला. भाईजानांनी हात लांब करून दाखवले होते, “ये पलस से वो सफेद पत्थर तक, सब तेरा.” दाजींनी मान डोलावली आणि विषय संपला. ताईने पुढे एकदा त्यांना छेडले, तर म्हणाले, “दोस्ताच्या शब्दाला साखळी लावायची नसती.”

भाईजानांनी मोडीत निघालेल्या ट्रकांच्या फळ्यांतून तिथे एका खोलीची केबिन उभी केली. फळ्यांवरची चित्रे त्यांनी खरवडली नाहीत. त्यामुळे आतल्या भिंतीवर अर्धा मोर होता, एक कमळ आडवे झोपले होते, आणि खाटेच्या उशाशी सुबक अक्षरांत हॉर्न वाजवण्याची विनंती होती. पावसाळ्यात त्या लाकडातून मिरचीचा, गुळाचा, सिमेंटचा असा आयुष्यभर वाहिलेल्या ओझ्यांचा वास येई. पुढे पाणी, मागे साग आणि धावड्याची झाडी, आणि दाराशी ताईने लावलेला गवती चहा. दाजी म्हणत, “आता मला दुसरं काई नको. हितंच दर शनवारी यायचं, आन् एक दिवस हितूनच जायचं.”

मी त्यांच्याबरोबर पहिल्यांदा गेले ते पौषात. हिंगोली वेगळा जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते, आणि त्याचेही दाजींना काही नव्हते; “जिल्हे बदलतेत, बांध न्हाई.” पुढे त्यांची गिरणी, मागे आमची मोटारसायकल, अशी वरात हट्ट्याहून सूर्य कासराभर वर आला तेव्हा निघाली. काळ्या मातीची वाट थंडीने घट्ट झाली होती. दोन्ही अंगांना हरभरा, आणि त्याच्या पानांवरचे आंबट दव बोटाला लागले की जीभ आपोआप ओलावे. कापसाची शेवटची बोंडे पऱ्हाट्यांवर उगाच रेंगाळली होती. वाट वळे, ओढ्यात उतरे, पुन्हा चढे, आणि दर वळणावर दाजी हात वर करून आम्हांला थांबवत, नकाशा उलगडत, बोट ठेवत आणि म्हणत, “बराबर.”

एका ठिकाणी मात्र वाट हळदीच्या वावरात शिरून नाहीशी झाली. हळद कमरेएवढी उभी होती, पाने टोकांशी पिवळी पडत आलेली, आणि त्यांचा तो तिखट, ओला, मातकट गंध ऊन तापेल तसा दाट होत होता. दाजी उतरले. मालक धावत आला.

“काय पायजे, पावणं?”

“रस्ता पायजे. ह्या हळदीखाली हाय.”

“माझ्या आज्यापासून हितं वावर हाय!”

“तुमच्या आज्याच्या बी आदी हितं रस्ता हाय. ह्यो बघा.”

मालकाने नकाशाकडे पाहिले, मग गिरणीकडे, मग ताईकडे. “अक्का, ह्यांला घरी काई काम न्हाई का?”

“असतं तर मी हितं आले असते का, भाऊ?” ताई म्हणाली.

मालक हसला, पण दाजी हसले नाहीत. “बांध कोरला तर एका मानसाचं जातं,” ते शांतपणे म्हणाले, “रस्ता कोरला तर समद्या गावाचं जातं. ज्यानं रस्ता दाबला, त्यानं मोकळा करावा. त्यात लाज न्हाई.” मग त्यांनी इंजिन बंद केले आणि ती अवजड गाडी दोन सऱ्यांमधून, एक पान न मोडता, हाताने ढकलत पार नेली. त्याला तासभर लागला. अर्ध्या वाटेवर मालकानेही मागून हात लावला.

दुपार कलता कलता आम्ही केबिनशी पोचलो. ताईने तीन दगडांवर चहा ठेवला. गवती चहाचा वास धुराशी भांडू लागला. खाली ओढ्यातून एक म्हातारी आपली मेंढरे घेऊन चढत होती. दगड निसरडे, चढ उभा. एक कोकरू तिच्या काखेत होते आणि दुसरे पुन्हा पुन्हा घसरत होते. ताईने तिला हाक मारून चहाला बसवले. दाजींना श्रोता मिळाला की नकाशा निघे, तसा तो निघाला.

“आजी, तुमच्या शिवारात सहा गाडीवाटा होत्या, ठाव हाय का?”

“व्हय की, सायेब,” बशी फुंकत म्हातारी म्हणाली. “एक तर ही. तुमच्या केबिनखालची.”

दाजी आधी हसले.

“माझ्या सासऱ्याची गाडी हितूनच जायाची,” ती सहज बोलत होती. “तुमी घर बांदल्यापून आमी वढ्यातून जातो. मोठ्या मेंढरांचं काई न्हाई, लेकरांला तकलीफ होती. मागल्या आगुटीला, पयल्या पावसात, एकाचा पाय मोडला.”

“मंग तुमी बोलल्या काहून न्हाई?”

म्हातारीने बशी खाली ठेवली. तिच्या आवाजात तक्रारीचा लवलेश नव्हता. “सायेब मानूस तुमी. मोजल्याबिगर बांदसाल का, म्हनलं.”

ती गेल्यावर ताईने बशा धुऊन पालथ्या घातल्या. पाणी जांभळे होऊन विझले. ताई म्हणाली, “अवो, म्हातारीला काय आठवतंय? लावा त्या नळकांड्याचं झाकन. कुनालाबी दिसत न्हाई.” दाजींनी झाकण हातात घेतले, पण लावले नाही. ही केबिन त्यांच्या उरलेल्या आयुष्याचा सगळा बेत होती, हे आम्हां सर्वांना ठाऊक होते. आणि तो बेत आता एका म्हातारीच्या स्मरणशक्तीवर टांगला होता. ती चुकलेली असावी, अशी मी मनातल्या मनात प्रार्थना केली.

सकाळी दवाने पांढऱ्या झालेल्या माळावर त्यांनी साखळी उलगडली. हद्दीच्या जुन्या दगडापासून मोजणी सुरू झाली. दुसरे टोक माझ्या हातात होते. लोखंड इतके गार की बोटे भाजल्यासारखी वाटली. साखळी पळसाला वळसा घालून आली, दारातून आत गेली, खाटेखालून सरपटली आणि मागच्या फटीतून बाहेर पडली. दाजींनी तीनदा मोजले. तिन्ही वेळा तेच आले. दोन तुटक रेषा खाटेच्या दोन बाजूंनी नीट गेल्या होत्या.

“म्हंजे दोन वर्सं आमी भर रस्त्यात झोपून राह्यलो व्हय!” ताई म्हणाली आणि खळखळून हसली, आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला.

दाजींच्या मालकीची जमीनही निघाली. ती होती ओढ्याचा उभा कडा, जिथे कावळ्यालाही पाय टेकायला विचार करावा लागला असता. माझे यजमान म्हणाले, “दाजी, सगळं जग अतिक्रमण करतं. एक केबिन राहिली तर काय बिघडतं? कुणी पाहत नाही.”

“म्या पाह्यलं ना,” दाजी म्हणाले आणि साखळी गोळा करू लागले. एरवी कडीवर कडी नेमकी बसवणाऱ्या त्या बोटांना त्या दिवशी ती पिशवीत नीट भरता आली नाही.

पुढच्या शनिवारी भाईजान आपली हत्यारे घेऊन आले. मी आणि माझे यजमानही गेलो. भाईजान केबिनपुढे उभे राहिले, पळसाकडे पाहिले, पांढऱ्या दगडाकडे पाहिले, आणि त्यांचा चेहरा पडला. “यार, मैं तो अंदाज से बोला था. तू दुनिया की जमीन नापता, अपनी कायको नहीं नापा?”

“तेरी जबान थी ना,” दाजी म्हणाले.

भाईजानांनी मान फिरवली आणि मोठ्याने पटाशी मागितली, जणू तीच हरवली होती. मग दोघे मित्र दिवसभर एकमेकांना शिव्या देत खिळे उपटत राहिले. “ये कील तूने ठोकी, टेढ़ी है.” “तूच धरून उभा व्हतास, गाढवा.” मोर निघाला, कमळ निघाले, हॉर्नची विनंती निघाली. फळ्या एका ट्रॅक्टरवर चढल्या. गवती चहाचे बेट ताईने मुळांसकट उपटून ओल्या पोत्यात बांधले. रविवारी दुपारी माळावर उरला तो फक्त एक फिकट चौकोन, भोवतालच्या वाळल्या गवतात उठून दिसणारा, चोपून चोपून गुळगुळीत झालेल्या मातीचा.

संध्याकाळी म्हातारी मेंढरे घेऊन आली. मेंढरे सवयीने ओढ्याकडे वळली. दाजी धावले. दोन्ही हात पसरून ते ओढ्याच्या तोंडाशी उभे राहिले, “हर्र, हिकडून, हिकडून! आता हिकडून हाय,” असे त्या मेंढरांना कळवळून सांगू लागले. म्हातारीने शीळ घातली. पुढचे मेंढरू थबकले, वळले, वाटेला लागले. फिकट चौकोनाच्या कडेशी येताच ते पुन्हा थांबले. मातीचा बदललेला रंग त्याने हुंगला, आणि एकदम चारी पाय उचलून त्या कडेवरून उडी मारली. तिथे काहीच नव्हते. पण मागच्या मेंढरानेही तिथेच उडी मारली, त्यामागच्यानेही; एकामागून एक सारा कळप, कोकरांसकट, नसलेल्या उंबऱ्यावरून उड्या मारत पलीकडे गेला.

“येडी जात,” म्हातारी म्हणाली. “कुठाय आता उंबरा?”

भाईजान पोट धरून हसले, ताई हसली, आम्ही हसलो, दाजीही हसले. मेंढरांची धूळ उन्हात सोन्यासारखी तरंगत राहिली आणि मग हळूहळू खाली बसली. दाजी गाडीकडे निघाले ते त्या वाटेनेच, आपल्या त्याच अडीच फुटांच्या मोजक्या पावलांनी. चौकोनाच्या कडेशी आल्यावर, कुणी पाहत नाही असे समजून, त्यांनी पाय जरासा वर उचलला.