थंडोबाची शेड

शीतगृहात मेकॅनिक म्हणून एकतीस वर्षं काढल्यावर माणूस थोडाफार थंड होईल अशी कुणाचीही अपेक्षा असते. त्याच्या बाबतीत थंडपणा फक्त नावाला चिकटला. तिथल्या लोकांनी त्याला थंडोबा म्हणायला सुरुवात केली ती टवाळी म्हणून, कारण कॉम्प्रेसरसुद्धा अधूनमधून थांबत असे आणि हा थांबत नसे. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे डबे उघडून खायला लागत, तेव्हा हा दुसऱ्याच्या डब्याची सैल कडी नीट करत असे. निरोप समारंभात साहेब "आता निवांत आराम करा" असं म्हणत होते, तेव्हा तो माइकच्या स्टँडचा स्क्रू आवळत होता.

मग त्याने घराला हात घातला. पहिल्या महिन्यात दारांच्या बिजागऱ्या झाल्या, दुसऱ्यात नळ. तिसऱ्या महिन्यात घरात बिघडलेलं काही उरलं नाही, तेव्हा तो न बिघडलेल्या वस्तूंकडे वळला. भिंतीवरचं घड्याळ त्याने उघडेपर्यंत बरोबर चालत होतं.

मधल्या खोलीत बायकोचं शिलाईचं काम चाले. नवे कपडे ती शिवत नसे, फक्त दुरुस्ती: लांब ते आखूड करणं, घट्ट ते सैल करणं, चेन बदलणं, अस्तर घालणं. तोंडात टाचण्या असल्यामुळे ती मोजकं बोले. टाचण्या काढून बोलली, तर समोरच्याने आधी बसून घ्यावं एवढं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. एके दिवशी थंडोबाने तिच्या मशीनला न विचारता तेल दिलं, आणि पहिलंच कापड सुईखाली गेलं ते एका डॉक्टरीणबाईंच्या पांढऱ्या कोटाचं. बायकोने टाचण्या काढल्या.

"थंडी पडायच्या आत तुमची कुठेतरी सोय लावा," ती म्हणाली. "नाहीतर हिवाळाभर लेकीकडे राहायचं. मी विचारलंय तिला. ती हो म्हणालीय."

लेकीचं घर सातव्या मजल्यावर होतं. जावई भला माणूस, पण त्याच्या घरातली प्रत्येक वस्तू वॉरंटीत. थंडोबा मागे तिथे चार दिवस राहिला होता. तिसऱ्या दिवशी त्याने जिन्यातले दिवे मोजले, चौथ्या दिवशी परत मोजले. पूर्ण हिवाळा म्हणजे किती दिवे, हा हिशेब त्याच्या मनात आपोआप सुरू झाला, आणि तो उठून मागच्या अंगणात गेला.

कपडे वाळत घालायची दोरी आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये आठ बाय बारा फुटांची जागा निघाली. त्याच संध्याकाळी शेड डोक्यात उभी राहिली. ती जमिनीवर उभी करण्यासाठी मात्र मेहुण्याला बोलवावं लागलं. बायकोचा हा धाकटा भाऊ सुतार होता आणि थंडोबाच्या मते पृथ्वीवरचा सगळ्यात संथ प्राणी. तो फक्त रविवारी यायचा, आधी चहा प्यायचा, मग माप घ्यायचा, मग तेच माप परत घ्यायचा. दोन मापांच्या मधल्या वेळात थंडोबा अंगणाला तीन फेऱ्या मारून येई. रविवार ते रविवार थांबणं जमेना, म्हणून मधल्या दिवसांत तो एकटाच खिळे ठोकत सुटे. मग रविवारी मेहुणा येई, ओळंबा लावून बघे, त्यातले निम्मे खिळे उपसे आणि सरळ करून डब्यात टाके.

लाकडी चौकट उभी राहिली, बाहेरून पत्रा चढणार होता, आतून फळ्या. मधल्या पोकळीत काचेच्या लोकरीच्या गाद्या, ऊब धरून ठेवायला. आणि लोकर ओली होऊ नये म्हणून एका बाजूने प्लास्टिकचा जाड कागद. इथपर्यंत दोघांचं एकमत होतं, आणि ते फार काळ टिकणार नाही याची दोघांनाही कल्पना होती.

"दाजी, प्लास्टिक आतून लावू," मेहुणा म्हणाला. "फळ्यांच्या मागे. आतल्या बाजूने."

थंडोबा हसला. शीतगृहाच्या भिंती त्याने उघडल्या होत्या, बांधल्या होत्या, एका पावसाळ्यात तर आख्खी एक भिंत बदलली होती. प्लास्टिक नेहमी बाहेरच्या अंगाला. त्यात एक भोक राहिलं तर काय होतं यावर तो नव्या पोरांना तासभर व्याख्यान देत असे. भिंती बांधणाऱ्याला भिंत शिकवू नये, तू आपलं रंधा मारायचं बघ, अशा अर्थाचं तो बरंच काही बोलला. मेहुण्याने एकदा विचारलं, दाजी, नक्की? मग त्याने उरलेला चहा संपवला. पुढच्या रविवारी तो आला नाही. गिऱ्हाइकाचं काम निघालं असा निरोप बायकोकडे आला. थंडोबाला मनापासून बरं वाटलं, कारण आता कामाला वेग येणार होता.

वेग आला. प्लास्टिक बाहेरून, त्यावर पत्रा, आत लोकर, मग फळ्या. दाराला त्याने शीतगृहाच्या भंगारातून आणलेली रबरी पट्टी बसवली. दार लागताना असा आवाज येई की शेजारचं कुत्रं उठून बसे. पहिली थंडी पडली त्या आठवड्यात आत हीटर लागला, टेबल आलं, भिंतीवर नट आवळायचे पाने उतरत्या मापाने टांगले गेले, चहाची किटली आली. बायकोने दारातूनच पाहिलं, मान डोलावली आणि लेकीला फोनवर सांगितलं की यंदा नाही येत ते.

चार आठवडे घरात शांतता होती. त्यातले दोन थंडोबा सुखात होता.

तिसऱ्या आठवड्यात त्याला कानशीवर तांबूस डाग दिसला. त्याने तो पुसला. दुसऱ्या दिवशी तीन कानशी, मग काटकोन बघायचा गुण्या, मग पाने मोठ्याकडून धाकट्याकडे क्रमाने. फळ्यांना बंद पेटीतल्या ओल्या मोज्यासारखा वास यायला लागला. त्याने छपराला दोष दिला आणि वर चढून प्रत्येक सांधा तपासला. छप्पर कोरडं ठणठणीत. किटलीला दोष दिला आणि तिला हद्दपार केलं. मग स्वतःच्या श्वासाला दोष दिला, आणि एक सकाळ त्याने शक्य तितका कमी श्वास घेत काम केलं. हीटर वाढवला तर वास वाढला. रोज सकाळी उठल्या उठल्या तो शेडमध्ये जाऊन भिंतीला तळवा लावून उभा राही, ताप बघावा तसा.

बायकोला सांगायची सोय नव्हती. शेड बिघडली म्हणजे लेकीचा फोन, लेकीचा फोन म्हणजे सातवा मजला. म्हणून तो शेडमध्ये जायचा, दार लावायचा आणि आत हातपाय बांधल्यासारखा बसायचा. हत्यारं त्याने तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती, म्हणजे वापरता येत नव्हती. घरात यायचं नाही, बाहेर थंडी, आत कुजकट वास. दर दहा मिनिटांनी तो उठे, दार उघडे, दोरीपर्यंत जाई आणि परत येई. अंगणात एक पायवाट पडली.

शेवटी एका दुपारी त्याने मागच्या भिंतीची खालची फळी उपसली. लोकर बाहेर आली ती पिळायच्या कपड्यासारखी. त्यामागे प्लास्टिकवर आतून थेंब होते, मोठे, एका ओळीत, घाम फुटावा तसे. थंडोबा उकिडवा बसून त्यांच्याकडे बघत राहिला. त्या दिवशी पहिल्यांदा तो अर्धा तास एका जागी बसला.

शीतगृहात गारवा आत असतो आणि गरम, दमट हवा बाहेर. ती हवा भिंतीत शिरून गार होते, पाणी सोडते, म्हणून तिला बाहेरच अडवायचं. इथे गरम हवा आत होती, हीटरची, किटलीची, त्याची स्वतःची, आणि गारठा पत्र्यापलीकडे. अडवायचं होतं ते आतून. त्यामागचं कारण त्याला जगात कुणाहीपेक्षा चांगलं ठाऊक होतं. एकतीस वर्षं त्याने ते दुसऱ्यांना शिकवलं होतं. फक्त शिकवताना तो दर वेळी बाहेरच्या भिंतीकडे बोट दाखवायचा, आणि पुढे पुढे लक्षात बोटच राहिलं.

"किती दिवस झाले?" मागून आवाज आला.

बायको दारात उभी होती, हातात कुणाचा तरी ओव्हरकोट, अर्धा उसवलेला. तोंडात टाचण्या नव्हत्या. थंडोबा उठायला गेला आणि मग नाही उठला.

"पंधरा," तो म्हणाला. "सोळा."

ती आत आली, वाकून बघितलं, ओली लोकर बोटांनी चिमटीत धरली, पत्र्याला हात लावला, फळीला लावला. कापड बघायची तिची जशी रीत होती तशीच तिने भिंत बघितली.

"अस्तर बाहेरून लावलंत," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. मग म्हणाला, तुझा भाऊ सांगत होता. हे वाक्य त्याच्या तोंडून बाहेर पडायला त्या सगळ्या शेडपेक्षा जास्त मेहनत लागली असावी, कारण ते म्हटल्यावर त्याने जमिनीवरचा एक खिळा उचलून त्याचं टोक तपासलं.

"मग उसवा आणि परत लावा. उसवायची कसली आलीय लाज. माझा निम्मा धंदा उसवण्याचाच आहे."

"लेकीला फोन करणार असशील," तो म्हणाला.

तिने भिंतीवर नजर फिरवली: चार बाजू, एकशे काही फळ्या, त्याने एकट्याने, घाईने, गरजेपेक्षा दुप्पट खिळे मारून बसवलेल्या. ती लोकर वाळवायची, पत्रा उतरवायचा, प्लास्टिक सोडवून आत आणायचं, आणि हे सगळं फक्त रविवारी येणाऱ्या, प्रत्येक माप दोनदा घेणाऱ्या माणसाबरोबर.

"हिवाळा संपेपर्यंत पुरेल का हे काम?" तिने विचारलं.

थंडोबाने हातातला वाकडा खिळा फरशीवर ठेवला, हातोडीने हळूच सरळ केला आणि रिकाम्या डब्यात टाकला.

"घाई केली नाही तर पुरेल," तो म्हणाला.