खोटी नखं

लेकीच्या खरचटलेल्या कोपराला चिकटपट्टी लावताना तो वास आला आणि लिनमावशी आठवल्या. इथे परदेशात, फ्रिस्कोत मी नवी होते तेव्हाच्या माझ्या शेजारीण. चीनमधल्या मोठ्या वाद्यवृंदात त्या पिपा हे तंतुवाद्य वाजवायच्या. मुलीच्या बाळंतपणासाठी इकडे आल्या आणि इथल्याच झाल्या. एका दुपारी गेले, तर उजव्या हाताच्या पाचही बोटांना चिकटपट्टीने खोटी नखं बांधत होत्या. पिपा त्या नखांनीच छेडतात.

“आज शो आहे?” मी विचारलं.

“नाही. तालमीची वेळ झाली.”

नात झोपली होती, म्हणून पिपा पेटीतच होती. मावशींची नखं मात्र टेबलावर सुसाट धावत होती, थांबतच नव्हती. मला तेव्हा गंमत वाटली. माझी सतार पुण्यात ठेवून जेमतेम वर्ष झालं होतं.

“आई, स्टॉप टॅपिंग!” लेक वैतागली. टेबलावर माझी बोटं कधीपासून चालली होती, कुणास ठाऊक.